कानामागचा दाणा

शेडमध्ये बेदाणा निवडायला बसलेल्या बाईच्या बोटांना वेगळे डोळे असतात. तोंड गप्पांत असतं, कान रस्त्याकडे असतात, आणि काडी, देठ, करपलेला मणी आपोआप बाजूला पडत जातो. शालन खराडेची बोटं त्या दुपारी तशीच चालली होती. हिरव्या जाळीतून गाळून आलेलं ऊन ढिगावर पसरलं होतं. शेजारच्या रखमानं रिकामी पाटी मागितली. शालननं ती पुढं सरकवली आणि म्हणाली, "घे."

रखमानं घेतली.

"घे," शालन पुन्हा म्हणाली. "घे. घे घे घे घे..."

"अगं घेतली की बया! आता काय डोक्यावर घेऊन नाचू?" रखमा म्हणाली, आणि सगळी शेड हसली.

पण शालनचे ओठ मिटलेले होते. तिचं बोलणं ओठांतून येतच नसे. गळ्याच्या खळगीत, जिथं पूर्वी डोरल्याच्या वाट्या टेकायच्या, तिथं रुपयाएवढी एक चकती होती. शब्द तिथून यायचे. आता त्या चकतीतून तोच एक शब्द, त्याच एका सुरात, थेंब थेंब गळणाऱ्या नळासारखा पडत राहिला. शालननं त्यावर तळवा दाबला, रडणाऱ्या लेकराचं तोंड दाबावं तसा. बायकांचं हसू विरत गेलं. मग तिचा उजवा हात आपोआप उडाला आणि निवडलेला बेदाणा न निवडलेल्यात जाऊन मिसळला.

शालननं रखमाकडं पाहिलं. हे मी बोलत न्हाई, असं तिचे डोळे म्हणत होते.

*

साठी ओलांडली त्या वर्षी शालनला झटका आला होता. मेंदूच्या डाव्या अंगाची पेरभर जागा रक्तावाचून वाळली, आणि तिच्यासोबत बोलणं वाळलं. कळायचं सगळं. कोण आलं, कुणी कुणाला टोमणा मारला, भाजीत मीठ का कमी पडलं, सगळं. शब्द आत उभे असायचे, नटूनथटून, दाराशी. पण दाराची कडी बाहेरून लागलेली.

मिरजेच्या इस्पितळात तिच्या कवटीखाली वाचासेतू बसवला. केसाहून बारीक तारांचं जाळं, वाळलेल्या जागेच्या कडेकडेनं पसरलेलं. माणूस काही बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूत एक लहर उठते. जिभेपर्यंत ती पोचली नाही तरी उठते. ती टिपायची, तिचा शब्द ओळखायचा आणि चकतीतून बोलून दाखवायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. पण एकाच्या मेंदूत 'पाणी' म्हणताना जी लहर उठते ती दुसऱ्याच्या मेंदूत उठत नाही. म्हणून यंत्राला त्या एका माणसाचं सगळं शिकावं लागतं. आणि माणसालाही यंत्राला कळेल असं मनात आणायला शिकावं लागतं. दोघं एकमेकांच्या अंगवळणी पडतात. वर्षानुवर्षं साठत गेलेल्या या शिकण्याला इस्पितळातली माणसं 'वळण' म्हणत.

शालनच्या यंत्राला वळण लावलं ते आक्कानं.

आक्का म्हणजे इंदुमती, शालनची थोरली जाऊ. इस्पितळानं सरावाला शब्दांची चित्रं दिली होती: पाणी, चहा, पंखा. आक्कानं ती पाहिली आणि बाजूला ठेवली. "ही काय बालवाडीत बसलीया व्हय?" म्हणाली. मग रोज दुपारी शेडमध्ये ती शालनच्या समोर बसायची, पाटी मांडीवर घ्यायची आणि ओवी धरायची. शेवटचा शब्द मात्र सोडून द्यायची.

*वेलीच्या मांडवाला*
*ऊन लागतं चाळून,*
*धाकल्या माझ्या जावंला*
*किती ठेवू मी...*

आणि थांबायची. शालनकडं बघत. चाल पुढं ओढत असायची आणि शब्दाची जागा रिकामी असायची. कितीतरी दुपारी ती जागा रिकामीच राहिली. आक्का चिडली नाही. पुन्हा पहिल्यापासून धरायची. आणि मग एका दुपारी चकती खरखरली आणि तिच्यातून एक शब्द आला, घोगरा, अडखळत: "सांभाळून."

इस्पितळातली माणसं चकित झाली. त्यांचे बाकीचे पेशंट 'हो' आणि 'नको'वर होते.

*

तासगावहून मिरजेला जाणाऱ्या एसटीला आता ड्रायव्हर नसे, कंडक्टर मात्र होता, आणि तो पूर्वीसारखाच सुट्ट्यावरून भांडत होता. शालनशेजारी तिचा मुलगा धैर्यशील बसला होता. चाळिशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला, द्राक्षबागेत वाढलेला आणि द्राक्षबागेतच मुरलेला. वाटेत तो फारसं बोलला नाही. चकतीतला शब्द पुन्हा अडकला तर एसटीतले लोक बघतील, ही धास्ती दोघांनाही होती.

इस्पितळात यंत्रांचं काम बघणारी तबस्सुम मुल्ला नावाची मुलगी होती. तिनं शालनच्या डोक्याला पट्टा लावला, पडद्यावर बराच वेळ काहीतरी पाहिलं आणि खुर्ची वळवली.

"मावशी, यंत्र चांगलं आहे. त्याच्यातली ऑपरेटिंग सिस्टीम म्हातारी झालीय. कंपनीनं तिची देखभाल सोडून दिली. तिच्यातला एक दोष आता वर यायला लागलाय. शब्द अडकतो आणि उलटी लहर मेंदूत जाते. हात उडाला म्हणालात ना? उद्या फिट येऊ शकते. सिस्टीम पुसून नवी घालावी लागेल."

"म्हणजे खुंट बदलायचा," धैर्यशील म्हणाला, "आणि वरचं कलम आहे तेच ठेवायचं. असंच ना?"

"अगदी तसंच. खुंट म्हणजे सिस्टीम, कलम म्हणजे मावशींचं वळण. वळण आधी काढून घेऊ, खाली नवी सिस्टीम घालू, मग ते परत चढवू." ती हसली. "फक्त वळण काढायला परवान्याची किल्ली लागेल. साक्षीदार इंदुमती खराडे, बरोबर? त्यांना घेऊन या एकदा."

शालनचं यंत्र बसलं त्याच्या आधीच मनाच्या खासगीपणाचा कायदा झाला होता. ज्याच्या हाती वळण लागलं त्याला त्या माणसाचं मन उलगडून वाचता येईल, म्हणून वळणाला कुलूप घालायचं आणि किल्लीचे दोन भाग करायचे, असं कायदा सांगत होता. एक भाग रुग्णाच्या यंत्रात. दुसरा साक्षीदाराच्या अंगात, कानामागं, कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढा. साक्षीदार रुग्णानं आपल्या मनानं निवडायचा. दोघं जिवंतपणी शेजारी बसल्याशिवाय, किंवा साक्षीदाराचा दाणा नीट काढून आणल्याशिवाय, ते कुलूप कंपनीलाही उघडत नसे, सरकारलाही नाही आणि पोटच्या पोरालाही नाही. कायदा चांगला होता. चांगल्याच हेतूनं केलेला होता.

"ती न्हाई," शालन म्हणाली.

"गावाला गेल्यात का?"

"न्हाई. गेली."

तबस्सुमचा हात कीबोर्डवर थांबला. "अरेरे. मग दाणा काढून ठेवला असेल ना? तसं आम्ही आधीच सांगून ठेवतो. छोट्या डबीत..."

धैर्यशील खिडकीबाहेर बघत होता. "जळाला," तो म्हणाला.

*

आक्का गेली ती चार दिवसांच्या तापानं. तिचा नवरा, तात्या, ओसरीवर खांबाला टेकून बसलेला. म्हणजे आक्का सवाष्ण गेली. अंगणात तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला. नाकात नथ, हातात हिरवा चुडा. गावच्या बायका रांगेनं ओटी भरत होत्या. तेवढ्यात धैर्यशील गावच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरच्या हातात पेटी होती.

शालन आक्काच्या उशाशी आडवी झाली. "हात लावू नका."

"आई, सुईएवढं काम आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"सवाष्ण बाई हाय ती. तिच्या अंगावरचं काय काढायचं न्हाई."

"दागिना नव्हे गं तो! तुझ्या मशीनची किल्ली आहे."

"असू दे. माझं मशीन चालू हाय."

"काकू असती तर तिनंच काढ म्हणून सांगितलं असतं."

"म्हणून तर तिला विचारलं न्हाई," शालन म्हणाली.

खरंच विचारलं नव्हतं. आक्का अंथरुणावर होती तेव्हा फॉर्म भरून दाणा दुसऱ्याच्या नावानं करता आला असता. पण तापानं फणफणलेल्या बाईला 'तुझ्याकडची किल्ली दे' म्हणायचं म्हणजे तिला तोंडावर 'तू चाललीस' असं सांगणं. ते कोण सांगणार? घरातल्या कुणालाच ते तोंड नव्हतं.

आणि दुसरंही होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी शालनचा नवरा गेला तेव्हा भावकीतल्या म्हाताऱ्या तिच्या बांगड्या फोडायला पुढं आल्या होत्या. आक्का दांडगी बाई. ती शालनसमोर फतकल मारून बसली, तिची दोन्ही मनगटं आपल्या मुठींत धरली आणि म्हणाली, "ज्याला फोडायच्यात त्यानं आधी माझ्या फोडा." आक्काचा नवरा जिवंत समोर बसलेला. तिच्या चुड्याला हात कोण लावणार? म्हाताऱ्या पुटपुटत मागं सरल्या. त्या दिवसापासून शालनचं मनगट कधी ओकं राहिलं नाही.

मग आक्काच्या अंगावरचा तिळाएवढा ऐवज तरी शालन कुणाला कसा काढू देणार होती?

धैर्यशीलनं तेव्हा फार ताणलं नाही. यंत्र चालू असतं तोवर किल्ली कुणाला आठवते? घरोघरच्या जुन्या कॉम्प्युटरांच्या किल्ल्या अशाच कुठंकुठं हरवलेल्या असतात. डॉक्टर पेटी घेऊन गेला. आक्का आपल्या नथीसकट, चुड्यासकट, दाण्यासकट गेली.

*

"दोनच वाटा आहेत," तबस्सुम म्हणाली. "एक, नवा परवाना आणि कोरी सिस्टीम. मावशी पुन्हा पहिल्यापासून शिकतील. या वयात मेंदू किती साथ देईल, मी खात्रीनं नाही सांगू शकत. वर्ष जाईल, दोन जातील. कदाचित थोडेच शब्द येतील."

"आणि दुसरी?" धैर्यशीलनं घाईनं विचारलं.

"तयार वळण. कंपनीनं हजारो लोकांच्या संमतीनं त्यांच्या लहरी एकत्र करून एक सरासरी वळण बनवलंय. ते घातलं की उद्यापासून बोलता येतं. बाहेरून तार लावून आत्ता दाखवू शकते."

तार लागली. शालनला डोक्यात कुणी दुसरं येऊन बसल्यासारखं झालं.

"आई," धैर्यशील पुढं वाकला, "कसं वाटतंय?"

शालनच्या मनात आलं: परक्याच्या घरात शिरल्यागत हुतंय रे, अंधारात, भांडी कुठं हायती ठावं न्हाईत.

चकती म्हणाली, "मला छान वाटत आहे. तू काळजी करू नकोस."

स्वच्छ, गुळगुळीत, कुठंही न अडखळता. धैर्यशीलचा चेहरा उजळला. "बघ! बघ की किती सुरेख!"

न्हाई, शालन आत ओरडली. मी असं म्हटलं न्हाई. हे खोटं हाय.

"हो, सगळं ठीक आहे," चकती म्हणाली.

शालनचा हात वर गेला आणि तिनं तार उपटली.

तबस्सुमनं जुनी सिस्टीम पुन्हा सुरू केली. तिचाही चेहरा उतरला होता. "ते अंदाज करतं," ती हळू म्हणाली. "लहर नीट कळली नाही, की बहुतेक लोक अशा वेळी काय म्हणतील ते म्हणतं. पुष्कळांचं भागतं त्यावर. घरचे खूश असतात."

"माझ्या गळ्यात बसून दुसरीच बाई बोलली," शालन म्हणाली. "मला नको म्हणायचं हुतं, ते बी तिनं म्हणू दिलं न्हाई."

*

 घर आल्यावर धैर्यशील अंगणातच उभा राहिला.

"कोरंच घालायचं ठरवलंयस तू."

"व्हय."

"म्हणजे पुन्हा तसलं घर. तू गप्प. नुसती बघत बसणार." त्यानं पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली. "झटका आला त्या वर्षी मी घरात थांबत नव्हतो, माहिताय तुला. बागेत काम नसलं तरी बागेत जाऊन बसायचो. तू बघायचीस माझ्याकडं आणि मला कळायचं नाही काय पाहिजे तुला. पाणी दिलं तर ते नसायचं. चादर दिली तर ती नसायची. काकू बसली तुझ्याजवळ. मी नाही बसलो. मला सोसत नाही आई ते."

"ठावं हाय."

"मग छान वाटतंय म्हणणारी आई असली तर काय बिघडलं? खोटं तर खोटं! निदान कुणीतरी बोलंल तरी घरात."

शालननं त्याच्याकडं पाहिलं. मोठा झालेला, केस पिकायला लागलेला पोरगा. त्याला जवळ घ्यावं तर तो आता वाकत नव्हता.

"मी मरायला टेकली आन् ते 'छान वाटतंय' म्हणालं," ती म्हणाली, "तर तू डॉक्टर बी बोलावणार न्हाईस, धीर."

चकतीला 'धैर्यशील' हा शब्द कधी पेलला नव्हता. ती त्याला 'धीर' म्हणायची. सुरुवातीला तो चिडायचा, मग सवय झाली. आज तो ते ऐकून आत निघून गेला आणि बराच वेळ मोरीत नुसतं पाणी सोडून उभा राहिला.

*

इस्पितळात जायच्या आदल्या संध्याकाळी तात्या आला. आक्काचा नवरा, शालनचा थोरला दीर. आक्का गेल्यापासून तो रोज दिवेलागणीला यायचा, ओसरीच्या कडेला बसायचा, चहा प्यायचा आणि काठी टेकत जायचा. का येतो हे कुणी विचारलं नव्हतं, पण शालनला कळत होतं. आक्कानं जे यंत्र बोलतं केलं होतं त्याच्या बोलण्याला आक्काचीच ढब लागली होती. शब्द शालनचे असायचे. पण वाक्य कुठं उचलायचं, कुठं टाकायचं, 'न्हाई' म्हणताना किती हेल काढायचा, ते आक्काचं होतं. तात्या चहा प्यायला येत नसे. ऐकायला येई.

"उद्या हाय म्हणं," तो म्हणाला.

"व्हय, तात्या."

"म्या तरी म्हणायचं हुतं त्या दिवशी, काढून घ्या म्हणून. बायकू माझी हुती. पर माझी अक्कल जाग्यावर नव्हती बघ."

"तुमी म्हणला असता तरी म्या काढू दिलं नसतं."

तात्यानं बशी खाली ठेवली. त्यातला चहा तसाच होता, वर साय धरलेली. काठीच्या मुठीवर हात फिरवत राहिला. थोरल्या दिरासमोर शालन जन्मभर डोक्यावरचा पदर सांभाळून, मोजकं बोललेली. त्यानंही तिला कधी कामापुरतं सोडून काही विचारलं नव्हतं. आज तो जमिनीकडं बघत म्हणाला, "एक मागू का? एकदाच. मला सरपंच म्हण."

तरुणपणी तात्या सरपंचकीला उभा राहिला होता आणि सपाटून पडला होता. आक्कानं त्यानंतर त्याला कधी दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती.

शालननं पदर सारखा केला. दिराच्या तोंडाकडं सरळ बघायची तिची ही पहिलीच वेळ. मनात आक्काची कंबरेवर हात ठेवून उभी राहायची तऱ्हा आणली, तिचा तो वरून खाली येणारा हेल आणला, आणि म्हणाली:

"ओ सरपंच! चहा पिताय, का त्यात पवताय? गार पाणी झालं त्याचं. प्या की गपागपा, का मुहूर्त बघायला पाठवू?"

तात्या हसला. खांदे हलवत, आवाज न करता, हसत राहिला. आणि हसता हसताच पंच्याचं टोक डोळ्यांकडं गेलं. त्यानं बशी उचलली आणि गार चहा सगळा पिऊन टाकला.

*

नव्या परवान्याला नवा साक्षीदार लागत होता. तबस्सुमनं धैर्यशीलच्या कानामागं दाणा बसवला, वर चिकटपट्टी लावली. शालनच्या डोक्याला पट्टा बांधला.

"मावशी, काही बोलायचं असेल तर आत्ता बोला. मी सांगेपर्यंत बोला, घाई नाही."

आदले दोन-तीन दिवस शालन काय बोलायचं ते मनात जुळवत होती. आता ऐन वेळी त्यातलं काही आठवेना.

"वरच्या रॅकची जाळी फाटलीया," ती म्हणाली. "शिवून घे. न्हाईतर चिमण्या येत्यात. रखमाचा लेक दारू पिऊन आला तर त्याला शेडमधी घेऊ नको. तात्याच्या चहात साखर कमी. मागितली तरी कमीच."

"बरं," धैर्यशील म्हणाला.

"तू बागेत पळून गेलास तरी मला राग नव्हता. तवा बी नव्हता. लहान हुतास तू." ती थांबली. तेव्हा तो लहान नव्हता, तिशीत होता, पण दोघांपैकी कुणी ते म्हटलं नाही. "आणि," शालन म्हणाली.

"आणि. आणि आणि आणि आणि..."

शब्द अडकला. शालनचे डोळे मोठे झाले. आणखी काहीतरी होतं, दाराशी येऊन उभं राहिलेलं, आणि चकती तो एकच शब्द पाडत राहिली. उजवा हात थरथरायला लागला. धैर्यशीलनं तो दोन्ही हातांत धरला. "थांबवा!" तो ओरडला, आणि लगेच, "नाही, नाही, थांबवू नका, तिला सांगायचंय काहीतरी!"

"दादा, फिट येईल," तबस्सुम म्हणाली.

तिनं बटण दाबलं. खोलीत आवाज उरला तो पंख्याचा.

*

नवी सिस्टीम निर्दोष होती. तबस्सुमनं सगळं तपासून सांगितलं, एकही चूक नाही. तिच्यात काहीच नव्हतं, मग चूक कशी असेल?

हंगाम सरत आला. शेडमधल्या बायका शालनसमोर आता हळू बोलायच्या, आणि शालनला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. तात्या रोज दिवेलागणीला येतच राहिला. चहा घ्यायचा, कमी साखरेचा. बसायचा. जायचा.

दुपारी आक्काच्या जागी धैर्यशील बसू लागला. त्याला ओव्या येत नव्हत्या. इस्पितळानं दिलेल्या टॅबवर चित्र यायचं, तो शब्द म्हणायचा, शालननं तो मनात आणायचा, आणि टॅबच्या खालच्या कडेला यंत्राला काय समजलं ते उमटायचं. रोज एकच ओळ उमटायची: अर्थ लागला नाही. पाणी. अर्थ लागला नाही. चहा. अर्थ लागला नाही. कधीमधी तो ताडकन उठायचा आणि शेडबाहेर जायचा. शालन बागेच्या वाटेकडं बघायची. थोड्या वेळानं तो परत यायचा, हातपाय धुऊन, आणि टॅब उचलायचा.

त्या दुपारी ऊन कलायला आलं होतं. धैर्यशील कानामागं खाजवत होता. जखम भरताना चुणचुणायची.

"ह्याचं एक सांगून ठेवतो," तो टॅबवर नजर ठेवून म्हणाला. जरा रागात होता, जरा थट्टेत. "मला काही झालं, बाग फवारताना म्हण, गाडीवरून म्हण, तर आधी हा दाणा काढून घ्यायचा. डॉक्टरला आडवी पडायचं नाही. काकूच्या वेळी केलंस तसं पुन्हा केलंस तर तुला कायमचं..."

चकती खरखरली.

शब्द नव्हता तो. तहानलेल्या वासरानं हंबरावं तसा एक लांब, खरबरीत, कुठल्याच अक्षरात न बसणारा आवाज होता. शेडमधल्या बायकांची बोटं थांबली. कोरी सिस्टीम घातल्यापासून त्या चकतीतून आलेला पहिलाच आवाज. शालननं लेकाचं मनगट धरलं होतं आणि ती मान हलवत होती, जोरजोरानं, डोळे घट्ट मिटून.

टॅबच्या खालच्या कडेला ओळ उमटली. अर्थ लागला नाही.

धैर्यशीलनं ती वाचली. मग टॅब पालथा घालून पाटीखाली सरकवला.

"मला लागला," तो म्हणाला. "नाही बोलत. पुन्हा नाही बोलत तसलं."

शालनचा हात त्याच्या मनगटावरून निघाला नाही. त्यानंही सोडवला नाही. मोकळ्या हातानं त्यानं ढिगातला बेदाणा पुढं ओढला आणि एकाच हातानं, अडाण्यासारखा, निवडायला लागला.